हात बधिर होतात? आधी सीट बघा: नव्या रोड बाईकवर रुळण्याची रीत

गेल्या हिवाळ्यात माझी भाची नवी रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल, घेऊन पहिल्यांदाच खडकवासल्यापर्यंत जाऊन आली. पार्किंगमध्ये सायकल भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात झटकत उभी राहिली. "मावशी, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं आहे असं वाटतच नाहीये." जेलचे जाड हातमोजे मागवायचं तिनं वाटेतच ठरवून टाकलं होतं.

मी सायकल बघितली. सीटचं नाक चांगलंच खाली झुकलेलं होतं. विचारलं, तर म्हणाली की पहिल्या दोन दिवसांत पुढून फार टोचत होतं, म्हणून मीच वाकवलं. टेप लावून उंची मोजली. तिच्या पायाच्या मानानं सीट जवळजवळ दोन सेंटीमीटर वर होती. मग सगळा उलगडा झाला. सीट उंच, म्हणून खालचं पेडल गाठताना कंबर डावी-उजवी हलत होती. त्यानं पुढची बाजू घासली. घासलं म्हणून नाक खाली केलं. नाक खाली केल्यावर शरीर पुढे घसरायला लागलं, आणि घसरणारं शरीर दोन तळहातांनी ढकलून धरण्यात तिचा दीड तास गेला. हातमोज्यांनी यातलं काहीही सुटलं नसतं.

रोड बाईकवर दुखतं एका जागी आणि मूळ असतं दुसरीकडे. म्हणून ती ठीक करायलाही एक क्रम असतो: खालून वर आणि मागून पुढे. आधी सीट, मग हँडल, मग टायरची हवा, मग कपडे, आणि शेवटी अंतर. मध्येच कुठून तरी सुरुवात केली की एक दुखणं जाऊन दुसरं उभं राहतं.

काय सोसायचं आणि काय नाही

नव्या माणसाला सगळे सांगतात, "होईल सवय." हे अर्धंच खरं आहे. बैठकीची दोन हाडं, म्हणजे खुर्चीत ताठ बसल्यावर जी टेकतात ती, पहिले दोन-तीन आठवडे दुखतात आणि मग शांत होतात. मांड्या भरून येतात, खांदे थोडे आखडतात. ही सवय.

बधिरपणा मात्र सवयीत मोडत नाही. बोटं बधिर होणं, जांघेत किंवा गुप्तांगात संवेदना जाणं, गुडघ्यात टोचल्यासारखी कळ येणं, मानेतून हातात मुंग्या उतरणं, यातलं काहीही सहन करत पुढे जाऊ नका. थांबा, उतरा, आणि पुढच्या राइडच्या आधी काहीतरी बदला. बदल करूनही बधिरपणा राइडनंतर काही तासांत गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

सायकल आपल्या मापाची आहे ना?

माझी पहिली रोड बाईक एका दुकानातून घेतली तेव्हा माझ्या मापाची सायकल त्यांच्याकडे नव्हती. "एक साइझ मोठी घ्या, स्टेम छोटा लावून देतो," असं सांगितलं आणि मी ऐकलं. (स्टेम म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा.) आठ महिने मान धरून काढले आणि शेवटी ती विकली. तेव्हापासून हे मी कळकळीनं सांगते: थोडी लहान सायकल जमवून घेता येते, मोठी सायकल जमवता येत नाही.

तपासणी साधी आहे. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहा, जांघ आणि दांडी यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर तरी जागा हवी. मग सीटवर बसून ब्रेकच्या रबरी मुठींवर, ज्यांना हूड्स म्हणतात, हात ठेवा. कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात काठीसारखे ताणले जात असतील तर ती सायकल आपली नव्हे.

सीटची उंची

घरात करायचं काम आहे, दहा मिनिटांचं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पावलांत साधारण वीतभर अंतर. एक जाड वही पायांच्या मध्ये, तिचा कणा वर येईल अशी, खुर्चीवर बसल्यावर जाणवतो तितका दाब येईपर्यंत वर ओढून धरा. घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून वहीच्या कण्यापर्यंत मोजायला सांगा. या मापाला ०.८८३ नं गुणायचं. हा ठोकताळा तीन वेळा 'टूर द फ्रान्स' जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्यामुळे जगभर पोचला. भाचीचं माप ७४ सेंटीमीटर आलं, म्हणजे ६५.३. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जिथे फिरतो त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीला समांतर टेप धरून, हे अंतर असायला हवं. तिचं होतं ६७.

मग टाचेनं पडताळून पाहा. भिंतीला एक हात धरून सीटवर बसा, पेडल अगदी खाली आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. मग पावलाचा पुढचा, रुंद भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक येतो. सूत्र आणि टाच यांचं जमत नसेल तर मी टाचेचं ऐकते. अगदी नव्या माणसानं त्याहूनही पाचेक मिलिमीटर खालीच सुरुवात करावी. मांडीमागच्या शिरा मोकळ्या होत जातात तशी सीट वर नेता येते.

पुढे शरीर स्वतः सांगतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीजवळ दुखलं तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ओढ लागली तर वर आहे. मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. कंबर झोक्यासारखी हलताना दिसली तर सीट नक्की वर आहे. सीट ज्या नळीवर बसते तिच्यावर किमान खोलीची एक रेघ कोरलेली असते, ती कधीही बाहेर दिसता कामा नये.

उंची ठरली की अनेकांना भीती वाटते: बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत! टेकायचे नसतातच. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं असतं. रिकाम्या मैदानात हे वीस वेळा करा. वेग कमी, एक पेडल खाली, त्यावर वजन देत बूड सीटवरून उचला, दुसरा पाय जमिनीवर, मग ब्रेक घट्ट. निघताना उलट: दांडी पायांच्या मध्ये घेऊन उभं राहा, एक पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, त्यावर उभं राहून दाबा, सायकल चालायला लागली की मागे सरकून सीटवर बसा. सिग्नलला धडपडायची भीती असते तोवर खांदे सैल होत नाहीत, म्हणून हे आधी शिकून घ्या.

सीट सपाट, मग मागे-पुढे

सायकल सपाट फरशीवर उभी करा. सीटवर एक लांबट वही आडवी ठेवून तिच्यावर मोबाइलमधलं लेव्हल बघायचं ॲप लावा. शून्य अंश, फार तर नाक एखाद-दोन अंश खाली. त्याहून जास्त खाली करावंसं वाटत असेल तर चूक उंचीत किंवा सीटच्या रुंदीत आहे.

मागे-पुढे ठरवायला सुतळी आणि एक नट पुरतो. क्रँक जमिनीला समांतर आणा, पाय पेडलवर, आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सुतळी सोडा. नट पेडलच्या अक्षाच्या आसपास लोंबायला हवा. ही फक्त सुरुवात. खरी परीक्षा पुढची आहे.

मोकळ्या सपाट रस्त्यावर, मध्यम जोर लावून पेडल मारत असताना हात हूड्सवर नुसते ठेवा. धरू नका, वजनही देऊ नका, बोटं पियानोवर ठेवल्यासारखी. दहा सेकंद असं राहता आलं तर तुमचं वजन पायांवर आणि बुडावर आहे. छाती लगेच पुढे कोसळायला लागली तर सीट पुढे आहे. ती पाच मिलिमीटर मागे न्या आणि परत बघा. सीट मागे गेली की पायांना अंतर वाढतं, म्हणून उंची दोन-तीन मिलिमीटर कमी करावी लागते. हा एक बदल हाताची, मानेची आणि खांद्याची जितकी दुखणी घालवतो तितकी दुसरी कुठलीही वस्तू घालवत नाही. भाचीची सीट मी खाली केली, सपाट केली आणि आठ मिलिमीटर मागे नेली. त्या रविवारी ती एनडीए रस्त्यानं तेवढाच वेळ फिरून आली आणि हात झटकायचं विसरली.

एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर किमान दोन राइड. जुन्या जागेवर आधी इन्सुलेशन टेपची खूण करा, म्हणजे परतीची वाट राहते.

हँडल

सीट बसल्याशिवाय हँडलला हात लावू नका. त्यानंतरही ताण वाटला तर आधी हँडल वर घ्या. स्टेमच्या वर-खाली चकत्या असतात, त्यांना स्पेसर म्हणतात. वरचे स्पेसर स्टेमच्या खाली आणले की हँडल तेवढं वर येतं. क्रम मात्र पाळायलाच हवा: आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल करा, मग माथ्यावरचा. बसवताना माथ्यावरचा बोल्ट आधी, हलक्या हातानं. मग हँडल चाकाच्या सरळ रेषेत आणा आणि शेवटी बाजूचे बोल्ट, स्टेमवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेल्या जोराइतकेच आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. खटखट जाणवली तर माथ्यावरचा बोल्ट सैल राहिला. हँडल किंवा पुढचं चाक धरणारा काटा कार्बनचा असेल तर टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय, हे करू नका, मेकॅनिककडे न्या.

आपल्याकडच्या पुष्कळ बायकांचे हात लहान असतात आणि ब्रेकच्या दांड्या बोटांना पुरत नाहीत. मग उतारावर भीती वाटते, आणि त्या भीतीला "धीर नाही" असं नाव दिलं जातं. बहुतेक लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की दांडी हँडलकडे येते. दुकानात उभं राहून हे करून मागा.

हात ठेवायला तीन जागा आहेत. वर सपाट दांडीवर, सावकाश चढाला. हूड्सवर, बहुतेक वेळ. आणि खालच्या बाकावर, ज्याला ड्रॉप्स म्हणतात, उतार आणि उलट्या वाऱ्यासाठी. पाच-दहा मिनिटांनी जागा बदला. मनगट सरळ ठेवा. ते वरच्या बाजूला मोडून तळहाताच्या बुडाशी वजन दिलं की करंगळीकडे जाणारी नस दबते. कोपर सैल ठेवा. कोपर अडकलं की रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मानेत.

हवा

रोड बाईकचं टायर दगडासारखं टणक हवं, असं अजूनही सांगितलं जातं. आपल्या रस्त्यांवर ते साफ चूक आहे. टणक टायर खड्ड्यावर उडतं, आणि उडण्यात वेगही जातो आणि हाडंही खिळखिळी होतात. ६० ते ६५ किलोच्या माणसानं २८ मिमीच्या ट्यूबच्या टायरमध्ये मागे सत्तर आणि पुढे पासष्ट पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास सुरुवात करावी. वजन जास्त तर थोडी जास्त, टायर ३२ मिमीचं असेल तर बरीच कमी. टायरच्या बाजूला किमान आणि कमाल छापलेलं असतं, त्याच्या आतच राहा. फ्रेममध्ये जागा असेल तर २५ मिमीची टायर काढून २८ किंवा ३२ ची घालणं हा नव्या माणसासाठी सगळ्यात चांगला खर्च.

अंगठ्यानं दाबून अंदाज येत नाही, दाब दाखवणारा काटा असलेला पंप घ्या. हवा आठवड्यातून एकदा तरी भरावीच लागते. बारीक, लांब व्हॉल्व्हला प्रेस्टा म्हणतात. त्याच्या टोकाचा छोटा नट आधी सैल करायचा, फुस्स ऐकू आलं की पंप लावायचा. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचं नोझल त्यावर बसत नाही. पितळी अडॅप्टर काही रुपयांत मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत कायमचा ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं भरताना दादांना सांगा, "थोडी थोडी सोडा," कारण बारीक ट्यूब क्षणात भरते आणि फुटते.

कपडे आणि सीटची रुंदी

पॅड असलेली शॉर्ट घ्या आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नका. संकोच वाटतो, पण शिवणीचा काच तिथेच होतो. राइड संपली की लगेच उतरवा, धुवा, उन्हात उलटी वाळवा. घासतं तिथे निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा.

सीट मऊ असली म्हणजे सुखाची, हा गैरसमज आहे. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दबतो. हाडं टेकतील इतकी रुंदी हवी. मोजायला पन्हळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, पुढे थोडं वाकून पाय उचला. उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधल्या अंतरात दोन-तीन सेंटीमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. बायकांना साधारणपणे जरा रुंद सीट लागते, आणि सायकलबरोबर आलेली सीट पुष्कळदा त्यांच्या मापाची नसते. सगळं जुळवूनही बधिरपणा राहिला तर मध्ये खाच असलेली सीट वापरून बघा. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभं राहा, रक्त फिरू द्या.

ब्रेक, गिअर, खड्डे

कोणती दांडी कोणत्या चाकाची, हे निघण्याआधी हातानं तपासा. मग मैदानात सराव करा. थांबवायचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, पण तो हळूहळू दाबायचा, आणि दाबताना बूड मागे सरकवायचं. रिमला घासणारे ब्रेक पावसात लगेच धरत नाहीत, चाकाचे एक-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात. पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि शेवाळलेल्या कडा यांवर वळू नका.

गिअर हलका ठेवा. दहा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा. तेरा ते पंधरा असेल तर पाय मिनिटाला ८० ते ९० फेरे मारतायत. नवी माणसं जड गिअरवर साठ-पासष्टनं रेटतात आणि गुडघ्याला दोष देतात. सिग्नल येण्याआधीच गिअर हलका करा. सायकल थांबल्यावर तो बदलत नाही.

स्पीडब्रेकर आला की दोन्ही पेडल समांतर, बूड सीटपासून दोन बोटं वर, कोपरं आणि गुडघे सैल. सायकलला खालून हलू द्या, आपण वर तरंगत राहा. वळणावर बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन, आणि नजर जायचं आहे तिकडे. गटाराच्या जाळ्या रस्त्याला समांतर असतील तर अरुंद चाक त्यात सरळ अडकतं, त्या दुरूनच टाळा.

पहिले सहा आठवडे

आठवड्यातून तीनदा. पहिले दोन आठवडे अर्धा ते पाऊण तास, सपाट रस्त्यावर, पहाटे, पुढे-मागे दिवा लावून आणि हेल्मेट घालून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक राइड तासाची. पाचव्या-सहाव्यात रविवारची राइड दीड ते दोन तास. या काळात वेग बघूच नका. फक्त घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहा: कितव्या मिनिटाला काय दुखलं, काय बदललं. वीस मिनिटांनी दुखणारी मान पुढच्या आठवड्यात पन्नास मिनिटांनी दुखली, तर बदल लागू पडला.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्या, उन्हाळ्यात मीठ-साखर घालून. तासापेक्षा जास्त जायचं असेल तर केळं, खजूर किंवा चिक्की भूक लागण्याआधी खा. भूक लागली की पाठ आधी वाकते आणि मग सगळं वजन हातांवर येतं.

पुण्यातल्या लोकांना सिंहगड लगेच खुणावतो. पायथ्याच्या डोणज्यापर्यंत खुशाल जा, वरचा घाट दोन महिन्यांनी. चढ पाय निभावून नेतात, पण तो उतार दमलेल्या, नवख्या हातांसाठी नाही. पुढे ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, इच्छा होईल, जिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्यासाठी पायांइतकीच ही बैठक लागणार आहे.

सगळं जुळलं की सहा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: सीटची उंची, सीटच्या नाकापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, सीटचा कल, स्टेमखालच्या स्पेसरची उंची, पुढची हवा, मागची हवा. सर्व्हिसिंगला धुताना-पुसताना सीट सैल केली जाते आणि अंदाजानं परत बसवली जाते. सायकल घरी आली की चढण्याआधी टेप लावा.